आवाज स्वच्छ आहे

त्यांनी पर्समधून ओला टिश्यू काढला आणि हेडफोन पुसला. आधी डावा कान. मग उजवा. मग डोक्यावरची पट्टी. मग त्या टिश्यूची बारीक घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

हेडफोन माझा होता. त्याआधी बराच वेळ, त्यांची जुनी कॅसेट ऐकताना, त्यांच्याच कानावर होता. तेव्हा पुसला नव्हता. मी माझ्या कानावरून काढून दिला आणि त्यांनी केस मागे सारून तसाच घातला. हसत होत्या. एक बाजू उलटी करून माझ्या कानाला लावली. म्हणाल्या, "ऐका, ऐका! ही मी. किती बारीक आवाज होता नाही माझा?" गालाला गाल लागेल इतक्या जवळ.

मग नाव विचारलं. सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा. इथल्याच का? भिवंडीच्या?"

"हो मॅडम. वडप्याच्या पुढं गाव आहे."

"अच्छा."

मग टिश्यू निघाला.

"कोरोनापासून सवयच लागलीय बघा," त्या हेडफोनकडे बघत म्हणाल्या. पुसून झाल्यावर तो परत घातलाच नाही. "बाकीचं तुम्हीच ऐका. मला घाई आहे." चहा अर्धा प्यायला होता. उरलेल्या अर्ध्यावर साय धरली. गाडी गेली. मी तो कप धुतला. धुताना मी स्वतःला सांगत होते, असेल बाई सवय. लोकांना असते. तुला काहीही दिसतं.

ज्याच्या बाबतीत हे होतं त्यालाच माहीत, पुढचं सगळं तुम्ही स्वतःशीच भांडत बसता. समोरचा तर घरी जाऊन जेवतो.

त्या बाई निवृत्त जिल्हा न्यायाधीश. महिला न्यायाधीशांच्या एका संघटनेच्या अध्यक्ष. मी त्यांना अध्यक्षबाई म्हणते. संघटना जुनी. तिच्या सभा, संमेलनं, भाषणं, चर्चा, सगळं कॅसेटवर धरून ठेवलेलं. मुंबईत ज्या इमारतीत त्यांची खोली होती ती पाडायला काढली, तेव्हा कुणा सभासदाच्या नातेवाइकाच्या, भिवंडीजवळ दापोड्यातल्या गोडाऊनमध्ये खोकी येऊन पडली. तिथं ओल लागली. कॅसेटना बुरशी आली. गोडाऊनचा सुपरवायझर आमच्या यासीनभाईंच्या ओळखीचा. म्हणून ती खोकी धामणकर नाक्याजवळच्या आमच्या दुकानात आली.

यासीनभाईंचे वडील लूमवाले, कापडाचे माग चालवायचे. यासीनभाईंनी लूम विकून कॅमेरा घेतला. भिवंडीतल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग त्यांनी केलं असेल. मग मोबाईल आले आणि तो धंदा बसला. आता लोक जुन्या कॅसेट आणून देतात, आम्ही त्या साफ करून कॉम्प्युटरवर चढवतो. बुरशी पुसायची, फीत नव्या डबीत भरायची, सावकाश वाजवायची, ऐकत राहायचं. हे ऐकण्याचं काम माझं. बाहेर रिक्षावाले ओरडत असतात, मागच्या गल्लीत लूम चालू असतात, भिंत थरथरते. मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसते. कॉलेज संपल्यापासून हेच करते.

तिथं मला कुणी काही विचारत नाही, हे मला आवडायचं. आईनं लहानपणीच शिकवलं होतं. "आडनाव कुणी इचारल्याबिगर सांगू नको. इचारलं तं खोटं न्हाय बोलायचं." आई यात काही लपवत नव्हती. ती मला चालायला शिकवत होती, कुठं खड्डा हाय, कुठं न्हाय.

त्या दिवसानंतर मी त्याच हेडफोननं पुढच्या कॅसेट ऐकायला घेतल्या. मन लागेना. पाय हलत राहायचा. उठायचे, बाहेर जायचे, पाणी प्यायचे, परत बसायचे. पण कॅसेटवर त्या बायका बोलायला लागल्या आणि मी हळूहळू ऐकायला लागले.

काय बायका होत्या! एक सांगत होती, तालुक्याच्या कोर्टात बायकांसाठी संडास नव्हता. सकाळी चहा सोडायचा, दुपारी पाणी सोडायचं आणि दिवसभर न्याय द्यायचा. एक सांगत होती, सातव्या महिन्यात न्यायासनावर चढताना एक म्हातारा वकील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज निकाल एकाचा की दोघांचा?" सगळं कोर्ट हसलं. ती म्हणाली, मी पण हसले, कारण रडले असते तर तेच आठवडाभर चघळलं असतं. एकीनं सांगितलं, निकाल वाचून दाखवताना पक्षकार तिच्या शिरस्तेदाराकडे बघायचा, साहेब तोच असणार म्हणून.

मी हेडफोनमध्ये हसायचे. मध्येच डोळ्यांत पाणी यायचं. वाटायचं, या बायकांना ठाऊक आहे. खुर्चीवर बसूनही माणूस खाली बसवला जातो हे यांना ठाऊक आहे. मग वाटायचं, तो टिश्यू खरंच सवयीचा असेल. इतकं सोसलेली बाई असं करेल का?

मग ती कॅसेट आली. वर नुसतं लिहिलं होतं, 'अनुभवकथन, दुसरा दिवस.' कुठल्याशा प्रशिक्षण केंद्रात संमेलन होतं, राहण्याचं. माझा जन्म झाला त्याच्या आसपासचं. सूत्रसंचालन अध्यक्षबाईंचं. बारीक आवाज, पण शब्द ठाम. एकेकीला बोलावत होत्या. मग एक नवा आवाज आला. खालच्या पट्टीतला. नाव वत्सला. नेमणूक कुठं ते सांगितलं. शहापूरकडची आहे असं सांगितलं. मग म्हणाली,

"माझं जरा वेगळं आहे. तुम्हाला वकील बोलतात. मला तुम्ही बोलता."

थोडी कुजबुज.

"काल रात्री माझ्या खोलीत चार खाटा होत्या. दोघी आल्या. बॅगा ठेवल्या. माझं पूर्ण नाव विचारलं. बॅगा उचलल्या. मग तिसरी आली, ती दारातूनच गेली. मी एकटी झोपले. सकाळी बाहेर आले तर शेजारच्या खोलीत तुम्ही जमिनीवर गाद्या घालून झोपलेल्या. दाटीवाटीनं. माझ्या खोलीत तीन खाटा रिकाम्या होत्या, भगिनींनो. जमीन चालली तुम्हाला. मी नाही चालले."

मग अध्यक्षबाई. "ताई, हा जरा खासगी विषय झाला. आपण न्यायसंस्थेतल्या स्त्रियांच्या अडचणींबद्दल बोलतोय."

"मी न्यायसंस्थेतच आहे. स्त्रीच आहे. अडचणच सांगतेय."

"वेळ कमी आहे."

"बाकीच्यांना होता."

"ते रेकॉर्डिंग बंद करा. अहो, बंद करा म्हटलं ना."

खट्ट. पुढं नुसती खरखर. मग एकदम आभारप्रदर्शन. टाळ्या. भोजन उत्तम होतं वगैरे.

मी हेडफोन काढला. बाहेर आले. यासीनभाई कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. नाक्यावर ट्रक अडकले होते, सगळे हॉर्न वाजवत होते. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. फक्त जमिनीवरच्या गाद्या दिसत होत्या.

आणि तेव्हा कळलं. टिश्यू सवयीचाच होता. पण सवय कोरोनाच्या आधीची होती.

प्रत्येक कॅसेटवर काय आहे ते थोडक्यात लिहून पाठवायचं, असं ठरलं होतं. मी लिहिलं. जे होतं ते, जसं होतं तसं. वत्सला नावाच्या न्यायाधीश, निवासात त्यांना वगळलं गेल्याचा अनुभव, सूत्रसंचालकांनी रेकॉर्डिंग थांबवायला सांगितलं. बस्स. एक विशेषण जास्त नाही.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षबाईंचा फोन. यासीनभाईंना नाही, थेट मला.

"ती दुसऱ्या दिवसाची कॅसेट. शेवटचा तुकडा काढून टाका. आणि तिथं लिहा, आवाज खराब, ऐकू येत नाही."

"आवाज स्वच्छ आहे, मॅडम."

"मी तुम्हाला आवाजाबद्दल विचारलेलं नाही."

"ऐकू येतंय ते येत नाही असं कसं लिहू?"

पलीकडून मोठा श्वास. "हे बघा, तुमचं काम मशीन चालवायचं आहे. काय ठेवायचं, काय नाही, हे ठरवायला कमिटी आहे. आमच्या वर्धापनदिनाला हे सगळं लागणार आहे. आणि तुम्ही लोक सगळीकडे नेमकं हेच कसं शोधून काढता, मला कळत नाही."

तुम्ही लोक.

त्यांनीच फोन ठेवला.

यासीनभाईंना सांगितलं. ते मान खाली घालून कात्रीनं जुन्या कॅसेटची डबी उघडत होते. "देख बेटा, माल उनका है. वो बोलेगी काट, तो अपन कौन होते हैं?"

"मी नाही कापणार, भाई. दुसऱ्या कुणाला बसवा."

"दूसरा कौन है इधर?" त्यांनी डबी खाली ठेवली. "मैं बैठूँ? मेरे को मराठी पूरी समझती भी नहीं. गलत जगह काट दूँगा."

"मग नका कापू."

त्यांनी डबी परत हातात घेतली. मग म्हणाले, "हफ्ताभर रोक के रखता हूँ. बोलता हूँ मशीन खराब है. उससे ज्यादा नहीं होगा."

घरी आईला सांगितलं तर तिचं सरळ उत्तर, "पेनड्राइवमधी घेऊन ठेव गुपचूप. कोण बघतंय?" मी विचार केला नाही असं नाही. एक क्लिक. पण मग तो आवाज चोरीचा झाला असता. उद्या त्यांना बोट दाखवायला तेवढंच पुरलं असतं, बघा, यांच्या हातात काही दिलं की. आणि ज्या बाईचा आवाज आहे तिला कुणी विचारलंय का? कापणारीनं नाही. ठेवणारीनंही नको विचारायला?

मी तिला शोधायला निघाले.

अवघड गेलं नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर म्हाताऱ्या माणसांना विचारलं, शहापूरकडच्या वत्सला नावाच्या जज कुणाला माहीत आहेत का. एक काका लगेच ताठ बसले. "जजबाई? आपल्यातल्या त्या जज झाल्या तेव्हा आम्ही मिरवणूक काढली होती. कल्याणला असतात आता." त्यांनी फोन लावला, पत्ता घेतला. शेअर रिक्षानं कोनगावापर्यंत, तिथून पुढं दुसरी. गर्दी, धूळ, पुलावर अर्धा तास. मी सगळा वेळ वाक्यं जुळवत होते आणि ती मोडत होती.

दार त्यांनीच उघडलं. बुटक्या, पांढरे केस कापलेले, गुडघ्याला पट्टा. नुसतं "बोला" म्हणाल्या, जसं काही मी समोर उभी असलेली पक्षकार. मी सांगितलं. कॅसेट, बुरशी, गाद्या, फोन. सगळं झाल्यावर म्हणाल्या,

"काढून टाक."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काढून टाक म्हटलं. ऐकू आलं ना? त्यानंतर मी त्याच संघटनेत राहिले. त्यांच्या पंक्तीला जेवले. त्यांनी मला उपाध्यक्ष केलं. मी निवृत्त झाले तेव्हा भाषण याच बाईंनी केलं आणि करताना रडल्या. खऱ्या रडल्या. आता या वयात मी काय, खाटांवरून भांडायला जाऊ? या सोसायटीत मला सगळे मॅडम म्हणतात. वरच्या मजल्यावरची बाई हळदीकुंकवाला बोलावते. तिला माझं काही ठाऊक नाही. असंच बरं आहे."

मी उठायला हवं होतं. उठता येईना. कुठून कसं, पण माझ्या तोंडून हेडफोन निघाला. टिश्यू निघाला. मी ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

त्या पुढं सरकल्या. आवाज बदलला. कोर्टातला असेल तो.

"तुझ्याकडून घेतल्यावर आधी पुसला होता का?"

"नाही."

"नाव विचारलं तेव्हा?"

"नाही. आडनावानंतर."

"पुसून परत वापरला?"

"नाही."

"तिथं तिसरं कोणी होतं?"

"नाही."

"मग कोर्टात टिकणार नाही," त्या म्हणाल्या. पाठ टेकून बसल्या. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "पण खरं आहे."

मला रडू आलं. इतके दिवस आलं नव्हतं. त्यांनी समजूत घातली नाही. पाण्याचा ग्लास पुढं केला आणि मी पाणी पिईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं ते माझ्यापुरतं होतं. माझ्याबरोबर संपलं. म्हणून मी गप्प बसले. ते तर तुझ्यापर्यंत येऊन पोचलंय." आणि मग, "मला माझा आवाज ऐकव."

दोन दिवसांनी त्या भिवंडीला आल्या. गुडघा धरून आमच्या पायऱ्या चढल्या. यासीनभाईंनी खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभे राहिले. मी हेडफोन दिला, त्यांनी घातला. मी कॅसेट लावली. त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त "जमीन चालली तुम्हाला" या वाक्याला ओठ आपोआप हलले, शब्दाला शब्द. खट्ट झालं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"किती घाबरले होते मी," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम. आवाज अजिबात हलत नाहीये."

"आवाज नव्हता हलत. मी टेबल धरलं होतं." मग यासीनभाईंकडे वळून, "भाईसाहब, ये कटेगा नहीं. मैं भी मेंबर हूँ."

यासीनभाई म्हणाले, "जी मॅडम," आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

कमिटीची बैठक ठाण्याला होती, एका हॉलच्या वरच्या खोलीत. वत्सलाताईंनी विषय घ्यायला लावला होता. आजीव सभासद म्हणून त्यांचा तो हक्क होता आणि हक्क कसा मागायचा हे त्यांना माहीत होतं. मला म्हणाल्या, "तू येणार. ऐकवायला माणूस लागतो." मी लॅपटॉप आणि छोटा स्पीकर घेतला. आईनं सकाळी विचारलं, "घाबरली हायेस का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मंग जा."

दारातच अध्यक्षबाई. वत्सलाताईंना मिठी मारली. "किती दिवसांनी! गुडघा कसा आहे?" मग मला बघितलं. हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "ही सभासदांची बैठक आहे. ऑपरेटरनं बाहेर थांबावं. खाली बाकडं आहे, ड्रायव्हर बसतात तिथं."

वत्सलाताई काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांनी बोलायच्या आधी मीच बोलले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मी बाहेर थांबणार नाही, मॅडम. ती कॅसेट मी साफ केलीय. मी ऐकलीय. ऐकू येत नाही असं लिहायला तुम्ही मला सांगितलंत. ते मला आत सांगायचं आहे."

आत बसलेल्या सगळ्या बघायला लागल्या. काही पांढऱ्या केसांच्या, काही माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, नोकरीत असलेल्या. सगळ्या न्यायाधीश. मी आयुष्यात कोर्टाची पायरी चढले नव्हते आणि इथं मी इतक्या न्यायाधीशांसमोर एकदम उभी होते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचा याच्याशी संबंध काय? तुम्ही संघटनेच्या कोण?"

"कोणी नाही. पण माझं आडनाव विचारून तुम्ही माझा हेडफोन पुसलात. तेव्हा संबंध तुम्हीच लावलात."

अध्यक्षबाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "काय बोलताय तुम्ही? मी कोरोनामुळं..." कोपऱ्यातली एक तरुण न्यायाधीश म्हणाली, "मॅडम, आपण आधी ऐकू या ना. ऐकल्याशिवाय कसं ठरवायचं?" मला तिचं नाव माहीत नाही. ती पुढं काही बोलली नाही. पण तेवढं बोलली.

मी वाजवलं. स्पीकर लहान, पण आवाज खोलीभर गेला. चार खाटा. बॅगा. गाद्या. मी कुणाकडे बघितलं नाही, स्क्रीनवरच्या रेषेकडे बघत राहिले. बोलली की वर जायची, थांबली की खाली. 'बंद करा म्हटलं ना' आलं आणि खट्ट झालं. तेव्हा मी मान वर केली. पांढऱ्या केसांच्या दोघीतिघी हातातल्या कागदांत बघत होत्या. त्या तिथं होत्या, हे त्यांच्या माना सांगत होत्या.

मग बोलणी झाली. लांबलचक. संदर्भ, काळ, संस्थेची प्रतिमा. कुणी म्हणालं, दुर्दैवी आहे. कुणी म्हणालं, हेतू तसा नव्हता. वत्सलाताई एवढंच म्हणाल्या, "मला माफी नको. कुणाला शिक्षाही नको. ते कापायचं नाही." शेवटी हात वर करून ठरलं. कापायचं नाही. पण ऐकायचं झालं तर कमिटीची परवानगी लागेल. आणि पुढचं काम 'अधिक व्यावसायिक संस्थेकडे' द्यायचं. भिवंडीतून खोकी परत.

बाहेर पडताना अध्यक्षबाई वत्सलाताईंना म्हणाल्या, "इतकी वर्षं इतकं मनात ठेवायला नको होतंत तुम्ही." त्या अजूनही हेच समजत होत्या, की ठेवणाराच चुकतो.

माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. जिन्यात बाजूला सरकल्या. मला वाट द्यायला की अंग चोरायला, ते मी विचारत बसले नाही. हे पहिल्यांदाच झालं. मी स्वतःशी भांडले नाही. सरळ खाली उतरले.

टेम्पो आला आणि खोकी गेली. आतली खोली मोकळी झाली. मला वाटलं, यासीनभाई आता बोलतील. त्यांनी काचेवरची धूळ पुसली आणि म्हणाले, "अच्छा किया. अब मेहरबानी कर, वो खाडीपार वाली शादी पड़ी है कब से. दूल्हे का बेटा कॉलेज जाने लगा."

वर्धापनदिनाला संघटनेनं फिल्म केली. वत्सलाताईंनी मोबाईलवर लिंक पाठवली. संडास नसलेलं कोर्ट होतं. सातव्या महिन्याची गोष्ट होती. टाळ्या होत्या. वत्सलाताई नव्हत्या. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'बघितलंस?' मी लिहिलं, 'बघितलं.' त्या लिहीत होत्या, थांबत होत्या, परत लिहीत होत्या. शेवटी आलं, 'परवानगीचा अर्ज टाकला आहे. नाकारला की परत टाकीन.'

गेल्या महिन्यात वडप्याचे एक शेठ दुकानात आले. त्यांच्या वडिलांच्या काळच्या ग्रामसभेच्या कॅसेट घेऊन. वडील सरपंच होते, जमिनी गोडाऊनवाल्यांना गेल्या त्या काळचे. पांढरे बूट, हातात गाडीची चावी. मला ओळखलं नाही. मी ओळखलं.

"वडलांची आठवण म्हणून पायजे," ते म्हणाले. "मदी एकजण उठून बोंबाललाय. आमच्या वस्तीला इचारलं न्हाय, आमच्या वस्तीला इचारलं न्हाय. तेवढा काढ. बाकीचा ठेव."

"काढून मिळणार नाही. पूर्ण हवं असेल तर करून देते."

"म्हंजी?"

"जे बोललंय ते सगळं राहील."

ते हसले. मग नीट बघितलं. ओळख पटली. "तू आमच्या इथली ना? तुझी आय आमच्या गोडाऊनला झाडू मारते."

"हो, मारते. ती तुमचं गोडाऊन झाडते. मी माणसांचं बोलणं झाडून टाकत नाही."

यासीनभाई काउंटरवरून बघत होते. शेठनं त्यांच्याकडे बघितलं. यासीनभाई म्हणाले, "वो जो बोलेगी वही होगा, सेठ." शेठनं पिशवी उचलली. गाडीचं दार जोरात लावल्याचा आवाज आला.

आईला संध्याकाळी सांगितलं. वाटलं, घाबरेल, उद्या कामाला जायचंय तिला तिथं. तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "कोण व्हता तो, बोंबलणारा?"

"माहीत नाही. कॅसेट ऐकायला मिळालीच नाही."

"शोध," आई म्हणाली. "जिता असला तं शोध."

मी शोधते आहे. वस्तीत घरोघर विचारते आहे. काही म्हणतात, मेला. काही म्हणतात, मुलाकडे गेला. काही दार लावून घेतात. मला झोप कमी लागते, जेवताना लक्ष नसतं, आई म्हणते बारीक झालीस. असू दे. शांत व्हायचं नाही मला. ज्याला मध्येच खाली बसवलं, त्याच्यासमोर मी जाऊन बसणार आहे. तो बोलेल तोवर. आणि तो बोलला, की त्यातला एक शब्दही कुणाच्या परवानगीनं राहणार नाही. तो राहील, एवढंच.